लहान-मोठा उजेड

"राम राम मिस्तरी. माझा ट्रॅक्टर चोरीला गेला. लाल हाय, जुना मॅसी. पुढं दोन गोल डोळे हाये त्याला, पिवळे. तुमच्याकडं कोणी आणला होता का लायटी बदलायला?"

झुंबर निकाळेच्या हातातला टेस्टर हातातच राहिला. दुकानाच्या पायरीवर पुंजाअण्णा विधाते उभे होते. टोपी जागेवर, सदऱ्याची बटणं वरपासून खालपर्यंत नीट लावलेली आणि पायात एकच चप्पल. त्यांच्या मागे पिंपळगावचा सर्व्हिस रोड कांद्याच्या ट्रॅक्टरांनी आणि द्राक्षांच्या टेम्पोंनी तुंबला होता आणि त्याच्याही मागे हायवे धडधडत होता. अण्णांचा मळा हायवेच्या पलीकडे. म्हणजे म्हातारा हायवे ओलांडून आला होता. कसा आला ते त्याचं त्यालाच ठाऊक, आणि हल्ली त्याला तर काहीच ठाऊक नसायचं.

"अण्णा, बसा आधी. पाणी घ्या."

"बसायला येळ नाय. दिवस बुडू राहिला. घरी बाई वाट बघत आसंल."

फिर्याद घेऊन माणूस आला तो नेमका चोराच्याच दारात. मॅसीचे ते दोन पिवळे डोळे काढले होते ते झुंबरनेच, ह्याच दुकानात, ह्याच पायरीसमोर ट्रॅक्टर उभा करून. आणि काढताना शीळ वाजवत होता.

झुंबरला दुसरंही काहीतरी लागलं होतं. अण्णांचा आणि त्याचा एक जुना रिवाज होता. अण्णा दुकानावर आले की म्हणायचे "जय भीम मिस्तरी", आणि झुंबर म्हणायचा "राम राम अण्णा". दोघं एकमेकांचा नमस्कार वापरायचे. एखादा तिऱ्हाईत ते ऐकून गोंधळला की दोघांनाही गंमत वाटायची. आज अण्णांनी राम राम केला होता, कुठल्याही परक्या दुकानदाराला करावा तसा.

त्याने शटर अर्धवट ओढलं, अण्णांना मोटरसायकलवर मागे बसवलं आणि पुलाखालून वळसा घालून मळ्याकडे निघाला. अण्णा वाटभर प्रत्येक ट्रॅक्टरकडे मान वळवून बघत होते. "हा नाय... हा पण नाय..." त्यांच्या हाताची पकड झुंबरच्या खांद्यावर घट्ट बसली होती. त्या पकडीत अजूनही नांगर धरणाऱ्या माणसाचा जोर होता आणि झुंबरला तो सोसवत नव्हता.

खरं तर झुंबरचा हेतू वाईट नव्हता. दिवाळी झाल्यावर अण्णांचा मुलगा हर्षल आला होता. म्हणाला, "काका, पहाटे कांदा घेऊन मार्केटला निघतो, पुढचं काही दिसत नाय. परवा टेम्पोवाल्यानं पार अंगावर येऊन ब्रेक मारला." बरोबरच होतं पोराचं. मॅसीचे जुने दिवे म्हणजे देवळीतल्या चिमण्या. झुंबरने ते गोल दिवे मुळापासून उपटले आणि एलईडीच्या दोन लांबट पट्ट्या बसवल्या. पांढराशुभ्र उजेड. बटण दाबलं तर समोरच्या भिंतीवरचा टोमॅटोच्या औषधाचा बारीक मजकूरही वाचता यावा. हर्षल खूश झाला. झुंबर तर असा खूश झाला, की त्या दिवशी त्याने दुकानावर आलेल्या सगळ्यांना चहा पाजला. जुने गोल दिवे हायवेवरच्या एका हॉटेलवालीने शोभेला मागितले होते, ते तिला फुकट देऊन टाकले. कचरा गेला, असंच वाटलं होतं त्याला.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. अण्णांचं विसरणं तसं दोन वर्षांपासून चाललं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग जेवलो की नाही हेही गेलं. पण संध्याकाळी ते ओट्यावर शांत बसून असायचे. मळ्याच्या टोकाकडून ट्रॅक्टरचा पिवळा उजेड येताना दिसला की "आला, चला" म्हणायचे आणि हातपाय धुवून पानावर बसायचे. तो उजेड पांढरा झाला त्या दिवशी अण्णांनी डोळ्यांवर हात धरला. म्हणाले, "हा कोणाचा?" आणि उठले. तेव्हापासून दिवस कलला की म्हातारा ट्रॅक्टर शोधायला निघायचा. डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात माणसं तिन्हीसांजेला अशी कासावीस होतातच. डॉक्टरांचं खरं असेल. पण झुंबरच्या मनाला ते पटत नव्हतं.

मळ्यावर सगुणाबाई फाटकातच उभ्या होत्या. त्यांच्या हातात अण्णांची दुसरी चप्पल होती. नवऱ्याला बघितल्याबरोबर त्यांनी खाली वाकून ती त्याच्या पायात सरकवली.

"कुठं गेले होते?"

"ट्रॅक्टर बघायला. तुम्ही कोणाच्या बाई?" अण्णांनी विचारलं.

"इथल्याच," सगुणाबाई म्हणाल्या.

हर्षल शेडमधून बाहेर आला. त्याच्या मागेच लाल मॅसी उभा होता, त्या दोन पांढऱ्या पट्ट्या कपाळावर मिरवत. हर्षलने बापाला हाताला धरून ट्रॅक्टरपाशी नेलं. "अण्णा, हा काय तुमचा ट्रॅक्टर. नंबर वाचा. हे पत्र्याचं ठिगळ बघा, तुम्हीच मारलं होतं ना?"

अण्णांनी ठिगळावरून बोट फिरवलं.

"ठिगळ काय, कोणी पण मारतं," अण्णा म्हणाले. "हा दुसऱ्याचा."

हर्षल झुंबरजवळ आला आणि आवाज खाली आणून बोलला. पोरगा रात्रंदिवस बागेत राबत होता, डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "काका, आता नाय होत. आज तुमच्या दुकानाशी सापडले, उद्या ट्रकखाली सापडतील. फाटकाला साखळी आणली. उद्यापास्नं चार वाजले का कुलूप."

सगुणाबाईंनी ते ऐकलं. "कुलूप लावायचं नाय."

"आई, मग मी काय करू? बागेवर जाऊ का त्यांच्या मागं पळू?"

"ते गुरं हाय का कोंडायला? एकदा कोंडलं ना हर्षल, तर ते फाटक हलवू हलवू मरतील. मी वळखते त्यांला."

अण्णा तेवढ्यात पुन्हा फाटकाकडे निघाले होते आणि सगुणाबाई त्यांच्या मागे. झुंबर म्हणाला, "हर्षल, मला थोडे दिवस दे. त्या जुन्या लायटी परत बसवतो."

"जुन्यानं मला दिसत नाय काका. मार्केटला कसं जाऊ?"

"दिसंल पण अन् जुन्या पण राहतील. गोल डोळे तेच, पिवळा उजेड तोच, आत एलईडी. थांब थोडं. तोवर साखळी लावू नको."

घरी आल्यावर झुंबर जेवायला बसला आणि दोन घासांनंतर उठला. पाणी प्यायला, परत बसला. मग बाहेर जाऊन मोटरसायकलचं इंडिकेटर उगाच चालू-बंद करून आला. हा माणूस एरवीही एका जागी टिकायचा नाही. लताबाईंनी लग्नानंतर महिनाभरातच जाहीर केलं होतं, की ह्याच्या पायाला भिंगरी आहे आणि हाताला खाज आहे. पण आजची तगमग वेगळी आहे हे त्यांनाही कळलं.

"काय झालं ते सांगा तरी. का ताटाभोवती प्रदक्षिणा घालणार आहात?"

त्याने सांगितलं. लताबाई म्हणाल्या, "तुम्हाला ना, जुनं काही दिसलं का उपटायचीच घाई. माझा रेडिओ असाच उपटला होता."

"अगं पण त्याला दिसत नव्हतं, पोराला."

"पोराला दिसायला लागलं अन् बापाला दिसायचं बंद झालं. आता काय करणार?"

"दिवे परत आणणार."

"मग जेवा तरी. उपाशी पोटी काय परत आणणार, कपाळ?"

ते हॉटेल हायवेला लागूनच होतं, जुन्या थाटाचं. दारात बैलगाडीचं चाक, आत कंदील, पितळी तपेली, भिंतीवर जातं सुद्धा टांगलेलं. ज्या वस्तू लोकांनी घरातून टाकून दिल्या त्याच बघत लोक तिथे पिठलं-भाकरी खायला यायचे. हॉटेल चालवणारी तेजल तिशीची, मोठ्या हिकमतीची मुलगी. मॅसीचे दोन दिवे तिने प्रवेशद्वाराच्या दोन बाजूंना टांगले होते, आत बल्ब घालून.

"परत? काका, लोक त्याच्यासोबत फोटो काढतात," ती म्हणाली. "हॉटेलचा लुकच तो आहे आता."

"दुसरे देतो ना. ट्रकचे देतो. त्याच्याहून मोठे. घासूनपुसून."

"पण हेच का हवेत?"

झुंबरला बोलण्याची कला नव्हती. वायर सोडून दुसऱ्या कशाचं टोक कुठे जोडायचं हे त्याला कधी जमलं नव्हतं. तो म्हणाला, "ज्याचे हाये ना, तो शोधू राहिला. म्हातारा माणूस हे. हायवे वलांडतो, रोज संध्याकाळी."

तेजलने दिव्यांकडे बघितलं, मग हायवेकडे. दोन कंटेनर पाठोपाठ गेले. तिने वेटरला स्टूल आणायला सांगितलं.

"माझी भिंत मोकळी नका ठेवू मात्र," एवढंच ती म्हणाली. झुंबरने दुसऱ्या दिवशी ट्रकचे दिवे आणून बसवले आणि तिच्या नावाच्या पाटीतलं एक अक्षर लुकलुकत होतं, तेही नीट करून दिलं.

मग दिव्यांचं काम सुरू झालं. झुंबरने दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकांना "उद्या या" सांगायला सुरुवात केली. बल्बमागच्या काळवंडलेल्या वाट्या त्याने नाशिकला सातपूरमध्ये नेऊन निकेल करून आणल्या. रेघा-रेघांच्या जाड काचा चुलीतल्या राखेने घासल्या. बाहेरच्या रिंगांवरचा गंज काढला पण चकाकी मात्र येऊ दिली नाही. हातात धरल्यावर जुन्या वाटल्या पाहिजेत. जुन्या बल्बांची पितळी बुडं कापून त्यावर एलईडीचे इवलेसे तुकडे बसवले, म्हणजे काचेतून बघणाऱ्याला आत बल्बच आहे असं वाटावं. हे काम करताना त्याला बरं वाटायचं. हात थांबले की पुन्हा अण्णांचा तो राम राम आठवायचा आणि तो दुकानात येरझाऱ्या घालायचा.

अडलं ते रंगावर. दुकानदार ज्याला पिवळा म्हणून देत होता, तो एलईडी मुळात पांढराच, नुसता थोडा आजारी. झुंबरने घरी खाटेवर एका बाजूला जुना बल्ब आणि दुसऱ्या बाजूला एलईडी लावला आणि लताबाईंना बोलावलं.

"सारखा हे का?"

"कुठं सारखा? हा साजूक तूप आणि तो डालडा."

त्याने एलईडीवर काचेवर द्यायच्या रंगाचा पिवळा हात दिला. लताबाई म्हणाल्या, हळद जास्त झाली. पुसला, पातळ केला, पुन्हा दिला. असं किती वेळा झालं याचा हिशोब कोणी ठेवला नाही. शेवटी एकदा लताबाईंनी दोन्हींकडे आळीपाळीने बघितलं, डोळे बारीक केले आणि विचारलं, "ह्यातला बल्ब कुठला?" झुंबर टाळी वाजवून उठला.

दिवे बसले. मॅसी पुन्हा जसाच्या तसा दिसायला लागला. हर्षलने पहाटे एक खेप मार्केटला मारून बघितली आणि फोन केला, "काका, रस्ता झकास दिसतो. मानलं तुम्हाला." झुंबर फोनवर हसला, पण ती परीक्षा नव्हती. परीक्षा संध्याकाळी होती.

संध्याकाळी झुंबर मळ्यावर जाऊन उभा राहिला. ओट्याच्या कडेला सगुणाबाईंची चूल होती. घरात गॅस होता, पण भाकरी त्या चुलीवरच करायच्या. अण्णा ओट्यावर बसले होते, पण बसले कसले, अर्धे उठलेलेच. बोटं सदऱ्याच्या कडेशी चाळा करत होती. बागेच्या टोकाकडून इंजिनाचा आवाज आला आणि मग द्राक्षांच्या ओळींमधून दोन पिवळे डोळे दिसले. झुंबरच्या तोंडून नकळत "अण्णा, बघा" निघून गेलं.

अण्णांनी बघितलं. मान पुढे काढून बघितलं. चेहरा असा काही उजळला, की झुंबर दोन पावलं पुढे सरकला. उजेड जवळ येत गेला, विहिरीपाशी वळला, चढ चढून अंगणात आला. आणि अण्णांचा चेहरा हळूहळू मिटत गेला.

"नाय," ते म्हणाले. "त्याच्यासारखा हे. पण तो नाय." आणि चप्पल शोधायला लागले.

हर्षल ट्रॅक्टरवरून उतरला. शेडमध्ये गेला आणि साखळी घेऊन आला. साखळी फाटकाच्या गजांवरून ओढल्याचा आवाज झाला. अण्णा फाटकापर्यंत गेले, कुलूप बघितलं, गज धरले आणि हलवायला लागले. जोरात नाही. एका लयीत, थांबून थांबून, कोणीतरी आतून दार उघडेल अशा आशेने ठोठावावं तसं. पण ते आतच होते.

झुंबरला तिथे उभं राहवेना आणि जाववेनाही. तो चुलीपाशी येऊन उकिडवा बसला, उठला, परत बसला.

"वहिनी, मी हरलो," तो म्हणाला. "काच तीच, रंग तोच. अजून काय पाहिजे त्यांना?"

सगुणाबाई फाटकाकडे बघत होत्या. पीठ मळता मळता म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका भाऊ. रंग बरोबर जमलाय, मला पण क्षणभर वाटलं का तेच आले. पण हा उजेड लय शाना हे. हलत नाय."

"हलत नाय म्हंजे?"

"आता काय सांगू. पहिले कसं, विहिरीपाशी वळायला हे रेस सोडायचे, का उजेड पार बारीक व्हायचा. दिसायचाच नाय म्हणा ना. मग चढाला रेस दिली का भक्कन मोठा. बारीक झाला का मी तवा ठेवायची, मोठा झाला का पहिली भाकर टाकायची. दारात पाय लागंस्तवर फुगलेली असायची. सारा जलम माझं घड्याळ तेच होतं." त्या थांबल्या. "ह्या नव्याचं मला पण कळत नाय. एकसारखा डोळे वटारून येतो."

झुंबर उठून उभा राहिला. त्याने कपाळावर हात मारून घेतला तो इतक्या जोरात, की सगुणाबाई दचकल्या.

डायनामा! मॅसीचा तो म्हातारा डायनामा. इंजिन हळू झालं की करंट पडायचा, बल्ब मिणमिणायचा. रेस वाढली की बल्ब भडकायचा. आणि एलईडीच्या आत बसलेली ती चिमुकली चिप, जी करंट कमी येवो की जास्त, उजेड इंचभर हलू देत नाही. तिचंच तर कौतुक होतं झुंबरला. उजेड कमी-जास्त होतो ही तक्रार घेऊन तालुक्यातले ट्रॅक्टर त्याच्या दारात यायचे. त्याच तक्रारीवर त्याने संसार केला, पोरीचं लग्न केलं, घरावर स्लॅब टाकला. जन्मभर जो रोग बरा केला, तोच आता आपल्या हाताने लावायचा होता.

"हर्षल," त्याने हाक मारली. "उद्या ट्रॅक्टर पाठव. आणि कुलूप काढ आत्ता. मी बसतो त्यांच्यापाशी."

त्या संध्याकाळी अण्णा आणि झुंबर फाटकाबाहेरच्या वाटेवर वर-खाली चालत राहिले. अण्णा ट्रॅक्टरचं वर्णन करत होते आणि झुंबर हो म्हणत होता. दमल्यावर अण्णा आपणहून घराकडे वळले.

दुसऱ्या दिवशी झुंबरने दोन्ही दिवे पुन्हा खोलले. चिप बाजूला केली, साधा रेझिस्टन्स घातला आणि वायर थेट डायनामावरून घेतली. पण पहाटे हायवेवर हर्षलचा उजेड पडून चालणार नव्हतं, म्हणून चिपवाली वायरही तशीच ठेवली आणि स्टिअरिंगखाली एक दुहेरी स्विच बसवला. हर्षलने तो वर-खाली करून बघितला. वर केला की दिवे ठाम. खाली केला आणि इंजिन हळू केलं, की दिवे पार विझत आले.

"काका, हे बिघडलंय."

"बिघडवलंय. वर म्हंजे रस्ता, खाली म्हंजे घर. हायवेला वर ठेव. बागेतनं घरी येताना खाली."

"लोक हे बंद करायला तुमच्याकडं येतात ना?"

"तुझे अण्णा पण त्याच्यासाठीच यायचे. दर वर्षी. मी म्हणायचो, अण्णा, डायनामा म्हातारा झालाय, बदलून टाका. ते म्हणायचे, राहू दे, आपण पण होणारच की." एवढं बोलून झुंबरने तोंड फिरवलं आणि नसलेला स्क्रू शोधायला लागला. त्याला रडू आलं होतं आणि ते हर्षललाही दिसलं होतं.

संध्याकाळी सगुणाबाईंनी ओट्यावर सतरंजी टाकली. अण्णा तिच्यावर बसले होते. चुलीत जाळ होता, तवा बाजूला टेकवून ठेवलेला. झुंबर खांबाला धरून उभा होता. बागेच्या टोकाला इंजिन सुरू झालं. ओळींमधून दोन पिवळे डोळे निघाले, सावकाश, रमतगमत. विहिरीपाशी आले आणि बारीक होत होत गेलेच. नुसता आवाज उरला. सगुणाबाईंचा हात आपोआप तव्याकडे गेला. मग चढावर इंजिन गुरगुरलं आणि उजेड भक्कन मोठा झाला. सगळं अंगण पिवळं झालं.

"आला," अण्णा म्हणाले.

आवाज अगदी पूर्वीचा. त्यात शोध नव्हता, घालमेल नव्हती. सदऱ्याच्या कडेवरची बोटं थांबली. झुंबरला खांब सोडून मोठ्याने ओरडावंसं वाटलं. सगुणाबाईंनी तोंडाला पदर लावला.

मग अण्णा उठले. टोपी सारखी केली, सदरा खाली ओढला आणि ओट्याखाली बघून दोन्ही चपला नीट पायात घातल्या.

"कुठं निघाले?" सगुणाबाईंनी विचारलं.

अण्णा त्यांच्याकडे वळले. अदबीने, दोन पावलं दूर उभं राहून बोलले. "बाई, तुमचा मालक आला. निघतो मी आता. लय येळ बसलो. बाईमाणूस एकली घरात, लोकं काय म्हणतील."

चुलीतलं लाकूड तडतडलं. झुंबरला वाटलं, आता ह्या बाईच्या हातून सगळं गळून पडणार. त्याचं स्वतःचं तर गळालंच होतं. एवढं करून त्याने अण्णांना त्यांचा ट्रॅक्टर परत दिला होता, आणि अण्णांनी तो ओळखलाही होता. फक्त त्यावरून उतरणारा माणूस आपण होतो, हे त्यांच्यापाशी उरलं नव्हतं.

सगुणाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाल्या, "आसं कसं? जेवणाच्या टायमाला पाव्हणा दारातनं उपाशी गेला, तर मालक मला बोलतील."

अण्णा घुटमळले. रीतभात जाणणारा माणूस होता. पान वाढायच्या वेळेला उठून जाणं त्यांना कधीच आवडलं नसतं. त्यांनी फाटकाकडे बघितलं. फाटक सताड उघडं होतं.

"मग मालकाला येऊ द्या," ते म्हणाले. "त्यांच्या आधी नाय जेवायचं."

"येऊ राहिले. हातपाय धुवून येतील. बसा."

इंजिन बंद झालं. हर्षल उडी मारून उतरला आणि लांबूनच ओरडला, "काका, वळखला का?" झुंबरने मान हलवली. हो म्हणून हलवली. हर्षल पळतच ओट्यापाशी आला आणि समोर अण्णा हात जोडून उभे.

"या मालक. तुमचीच वाट बघू राहिलो. ट्रॅक्टर झ्याक हे तुमचा. नीट ठेवलाय."

हर्षलचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याने बापाकडे बघितलं, मग आईकडे. सगुणाबाईंनी मान वर केली नाही. त्या भाकरी उलटत होत्या. फक्त डाव्या हाताने त्यांनी सतरंजीकडे खूण केली.

हर्षलने मातीचे हात पँटला पुसले आणि जोडले.

"बसा ना," तो म्हणाला. "संकोच करू नका. आपलंच घर समजा."

अण्णांनी चपला काढून बाजूला, भिंतीशी लावून ठेवल्या. मग बसले, सतरंजीच्या अगदी कडेला, पाय आखडून, पाहुणा बसतो तसे.